सहकारी दुकान आणि उधारीची वही

गावात सहकारी दुकान काढण्याचा विचार निघाला की पहिला प्रश्न भांडवलाचा येतो. माझ्या मते तो दुय्यम आहे. दुकान उभे राहते ते भागांच्या रकमेवर. परंतु टिकते ते सभासदांच्या शिस्तीवर. या दुकानांचा इतिहास हेच सांगतो.

स्कॉटलंडमधील फेनिक या लहानशा खेड्यातील विणकरांनी चोख काम आणि रास्त दर यांसाठी १७६१ साली आपली संस्था स्थापन केली. पुढे १७६९ साली संस्थेच्या निधीतून त्यांनी ओट धान्याचे पीठ घाऊक घेतले व ते सभासदांना स्वस्त दराने विकले. गावकऱ्यांनी स्वतः चालविलेल्या दुकानाचे हे एक अतिशय जुने उदाहरण होय.

इंग्लंडमधील रॉचडेल गावाचा अनुभव याहूनही बोधप्रद आहे. तेथे १८३३ साली निघालेले सहकारी दुकान उधारीच्या ओझ्याने दोनच वर्षांत बंद पडले. त्यापासून धडा घेऊन १८४४ साली २८ जणांनी पै-पैसा साठवून २८ पौंड जमविले आणि २१ डिसेंबरला नवे दुकान उघडले. माल तो किती? लोणी, साखर, दोन प्रकारचे पीठ आणि मेणबत्त्या! पण नियम पक्के होते : विक्री रोखीने, माल निर्भेळ, माप पुरे, प्रत्येक सभासदास एकच मत, आणि वाढावा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. वर्षभरात सभासद ७४ झाले. जगभरच्या सहकारी चळवळीने पुढे हेच नियम पायाभूत मानले. आपल्या देशात १९०४ चा कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने ग्राहकांच्या संस्थांनाही वाट मोकळी करून दिली.

यावर शेतकरी बंधू विचारतील, "विणकराला आठवड्याला मजुरी मिळे, आमच्या हाती पैसा येतो तो सुगीला. मग रोखीने खरेदी कशी करावी?" हा आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावणे योग्य नाही. माझ्या नोकरीच्या आरंभी ज्या गावी मी होतो, तेथील दुकान तिसऱ्या वर्षी बंद पडले. उधारीची वही उघडली तेव्हा सर्वांत मोठ्या रकमा पंचमंडळींच्याच नावावर निघाल्या! ज्यांनी इतरांना नियम सांगावयाचा, त्यांनीच तो मोडला होता. गरीब सभासदाचा भाग मात्र त्यांच्याबरोबर बुडाला. मी हे वेळीच पाहिले असते आणि बोललो असतो, तर कदाचित दुकान वाचले असते; ही रुखरुख आजही मनात आहे.

म्हणून माझी सूचना अशी की, सुगीला माल विकून पैसा हाती येताच प्रत्येक कुटुंबाने वर्षाच्या मीठ-मिरची, तेल, साबणापुरती काही रक्कम दुकानात आगाऊ ठेवावी आणि त्या ठेवीतून माल उचलावा. अशाने दुकानाला घाऊक खरेदीस पैसा मिळेल व सभासदास उधारी मागण्याची वेळ येणार नाही. ज्या मजूर कुटुंबांना एवढी रक्कम एकदम काढणे शक्य नाही, त्यांच्याकडून आठवडेबाजाराच्या दिवशी थोडीथोडी ठेव घ्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांनी दुकान स्वतः चालवू नये. गावकऱ्यांना ते चालविण्यास शिकवावे. दरमहा जमाखर्च चावडीवर मोठ्याने वाचला जातो की नाही, वजनमापे तपासली जातात की नाही, आणि पंच स्वतः रोखीने माल घेतात की नाही, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांनी लक्ष ठेवावे.

शेतकरी बंधूंनो, आपले दुकान सोडून दुसरीकडे रोख मोजावयाचे आणि आपल्या दुकानात मात्र "मांडून ठेवा" म्हणावयाचे, ही सवय आपण टाकली पाहिजे. दुकान आपले आहे, म्हणूनच तेथे पैसे आधी द्यावयाचे असतात.