गुत्त्यातली भाषा आणि कचेरीतली भाषा

उत्तर आयर्लंडच्या न्यायालयांत इंग्रजीखेरीज अन्य भाषेत कामकाज चालविण्यास १७३७ सालच्या एका कायद्याने मनाई केली होती. बेलफास्टमधील एका सांस्कृतिक केंद्रात कार्यक्रम व्हायचा होता. त्यासाठी मद्यविक्रीच्या तात्पुरत्या परवान्याचा अर्ज आयरिश भाषेत केला गेला, आणि तो याच कायद्यावर बोट ठेवून नाकारला गेला. प्रकरण वर गेले. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने अर्जदाराविरुद्धच कौल दिला. पेशामुळे असे निकाल आम्ही चवीने वाचतो. हा मात्र घशाखाली उतरला नव्हता.

त्याची आठवण झाली ती आमच्या कचेरीतील एका कनिष्ठ सहकाऱ्यामुळे. ‘नीकॅप’ या बेलफास्टच्या त्रिकुटाचा ‘फाइन आर्ट’ हा अल्बम त्याने आम्हांस आग्रहाने ऐकविला. मो खारा, मोगली बॅप आणि डीजे प्रोव्ही ही तिघांची रंगमंचीय नावे. तिसरा पूर्वी शाळेत आयरिश शिकवीत असे आणि आता आयर्लंडच्या झेंड्याच्या तीन रंगांचा बुरखा घालून मंचावर येतो. ‘हेवनली’ या स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपनीने जून २०२४ मध्ये हा अल्बम प्रकाशित केला. सगळा अल्बम घडतो एका काल्पनिक गुत्त्यात. ज्या शहरात दारूचा परवाना आयरिशमध्ये मागता येत नव्हता, त्याच शहरातली पोरे आयरिशमध्ये गुत्ता थाटून बसली आहेत! हा योगायोग असेल, पण आम्हांस तो मोठा न्याय्य वाटला.

पहिल्यांदा ऐकताना आमच्या कपाळावर आठ्या होत्या, हे लपवीत नाही. मादक द्रव्यांची भलावण आम्हांस मान्य नाही, शिव्यांची संख्याही मोजण्यापलीकडची आहे. त्यांचे २०१७ सालचे पहिले गाजलेले गाणे एका आयरिशभाषक रेडिओ केंद्रानेच अमली पदार्थांच्या उल्लेखांपायी वगळले होते. त्या गाण्याचे शीर्षक म्हणजे ‘हक्क’ या अर्थाचा आयरिश शब्द. भाषा कायद्यासाठीच्या मोर्च्याच्या आदल्या दिवशी तो शब्द बसथांब्यावर रंगविताना पोलीस आले, त्यातून गाणे जन्मले.

पण दुसऱ्यांदा ऐकताना कान वेगळ्या गोष्टीकडे गेले. एकाच ओळीत आयरिश सुरू होते, मध्येच इंग्रजी घुसते, पुन्हा आयरिश सावरून घेते. यमक दोन भाषांच्या सांध्यावर जुळते. एका गाण्याचे तर नावच ‘पार्फुल’. ‘पॉवरफुल’ या शब्दाचा तिथला स्थानिक उच्चार जसाच्या तसा लिहिलेला. प्रमाणभाषेच्या पहारेकऱ्यांना हे रुचणार नाही. आमचा हेल ऐकून ‘तुम्ही कानडी का?’ असे पुण्यात ज्यांना विचारले गेले आहे, त्या आमच्या वाचकांना मात्र त्यातली गंमत सांगावी लागणार नाही.

२०२१ च्या जनगणनेत उत्तर आयर्लंडमध्ये १२.४ टक्के लोकांनी आयरिश थोडीफार येते असे नोंदविले. आता ‘थोडीफार येणे’ ही मोठी फसवी अवस्था आहे. अशी भाषा शाळेच्या फळ्यावर असते, प्रार्थनेत असते, सभेच्या ठरावात असते; भांडणात, चेष्टेत, मध्यरात्रीच्या गप्पांत नसते. २०२२ च्या कायद्याने आयरिशला अधिकृत मान्यता दिली आणि १७३७ चा कायदा रद्द करण्याची तरतूद केली. तो कायदा हवाच होता, त्यासाठी लोक वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले. परंतु कायदा भाषेला फार तर कचेरीचे दार उघडून देतो. आत शिरून बोलायला तोंड लागते, आणि ते तोंड वीस वर्षांचे असावे लागते.

आमच्याकडे भाषिक अल्पसंख्याकांसाठी संविधानाचे ३५० अ आणि ३५० ब हे अनुच्छेद आहेत. १५ टक्क्यांहून अधिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हेही जुनेच ठरलेले. तरीही मराठी अर्ज खिडकीवरून परत आल्याचा अनुभव आम्ही काळ्या कोटात असताना घेतला आहे. त्याविरुद्ध लिहीत आलो, लढत आलो. मात्र या साऱ्या लढ्यात आमच्या तरुणांना आम्ही घोषणा दिल्या, गाणी किती दिली?

नीकॅपने कज्जाही केला. परदेशी कार्यक्रमांसाठी त्यांना मंजूर झालेले १४,२५० पौंडांचे सरकारी अनुदान लंडनच्या मंत्र्यांनी अडविले. संयुक्त राज्यालाच विरोध करणाऱ्यांना करदात्यांचा पैसा का द्यावा, असा पवित्रा होता. त्रिकूट बेलफास्टच्या उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, सरकार बदलल्यानंतर, निर्णय बेकायदा होता हे मान्य करून रक्कम देण्यात आली. ती त्यांनी दोन युवक संस्थांना निम्मी-निम्मी वाटली. एक संस्था आयरिशभाषकांत काम करणारी, दुसरी पलीकडच्या प्रोटेस्टंट वस्तीतली. अमली पदार्थांची गाणी गाणाऱ्यांकडून ही समज आम्हांस अपेक्षित नव्हती.

अल्बम संपल्यावर सहकाऱ्याने संकोचत सांगितले की तो आणि त्याचे दोन मित्रही अशा ओळी लिहितात, बेळगावच्या बोलीत, मधूनमधून कानडी घालून. वाचून दाखव म्हटले, तर म्हणाला, “सर, त्यात शिव्या आहेत.” आम्ही दार लावून घेतले आणि म्हटले, “वाच.”