घरांतील यंत्रें : गुणगुणीचें निदान

धुळ्याच्या एका वाचकांचें पत्र या महिन्याच्या सदराचा विषय झालें आहे. त्यांच्या घरीं आजोबांच्या वेळच्या पुष्कळ ध्वनिमुद्रिका आहेत. त्या चांगल्या ऐकतां याव्यात म्हणून त्यांनीं गेल्या वर्षीं व्हॉल्व्हचा एक प्रीअँप्लिफायर घेतला. कांहीं महिने तो उत्तम चालला. दिवाळींत बैठकीच्या खोलीची मांडणी बदलली, आणि तेव्हांपासून त्यांतून एकसारखी गुणगुण येऊं लागली. ओळखीच्या एका गृहस्थानें प्लगमधील अर्थची पिन काढून टाकली. गुणगुण तत्क्षणीं थांबली. ‘उपाय सोपा आहे, इतर वाचकांसही कळवावा,’ असें पत्राच्या शेवटीं लिहिलें आहे. तो आम्ही कळवीत आहों खरा. परंतु वाचकांनीं तो कदापि करूं नये म्हणून कळवीत आहों. याचें कारण समजण्यासाठीं हें यंत्र काय करतें, तें प्रथम पाहिलें पाहिजे.

तबकडीच्या खांचेंतून फिरणारी सुई ज्या कार्ट्रिजमध्यें बसविलेली असते, तिच्यांतून निघणारी वीज अत्यंत क्षीण असते. साधारणतः एका व्होल्टचे पांच सहस्रांश. लाउडस्पीकर चालविणाऱ्या मोठ्या अँप्लिफायरला मात्र एक व्होल्टच्या आसपास दाब लागतो. मधली ही वाढ करतो तो प्रीअँप्लिफायर. त्याजकडे आणखी एक काम असतें. तबकडी कोरतांना खर्जाचे स्वर मुद्दाम दुबळे व तारस्वर मुद्दाम प्रबळ केलेले असतात. तसें न केल्यास खर्जाच्या रुंद खांचा एकमेकींत शिरतील, आणि तारस्वर तबकडीच्या खरखरींत बुडून जातील. वाजवितांना हें प्रमाण उलटें करून मूळ स्वर परत मिळवावयाचा असतो. १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघानें याविषयीं एक प्रमाण ठरविलें, व पुढें तें बहुतेक सर्वांनीं स्वीकारलें. त्यापूर्वीच्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांत कंपनीगणिक प्रमाण निराळें असे. म्हणून बालगंधर्वांची किंवा हिराबाई बडोदेकरांची जुनी तबकडी आजच्या प्रमाणानें वाजविली, तर आवाज किंचित् दबलेला वाटतो. तो दोष गायकाचा नव्हे आणि यंत्राचाही नव्हे. या तबकड्यांना सुईही रुंद टोंकाची लागते. नव्या तबकड्यांची बारीक सुई जुन्या खांचेच्या तळाशीं घासत जाते आणि खरखरच अधिक ऐकूं येते.

क्षीण विजेची वाढ करणारी वस्तु म्हणजे व्हॉल्व्ह, अर्थात् निर्वात नलिका. कांचेच्या नळींतील हवा काढून घेतलेली असते. आंत मध्यभागीं तापणारा कॅथोड, बाहेरच्या बाजूस ॲनोड, व दोहोंच्या मध्यें तारेची जाळी. तापलेल्या कॅथोडमधून विद्युत्कण निघतात व ॲनोडकडे धांवतात. पाटाच्या पाण्याला जसें दार, तशी या प्रवाहाला ती जाळी. १९०४ सालीं फ्लेमिंग यांनीं जाळीवांचून नलिका केली, आणि १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं तींत तिसरा अवयव घातला. आपल्या देशांतही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनें रेडिओचे व्हॉल्व्ह केले. जळगांवचें आकाशवाणी केंद्र १९७६ सालीं सुरू झालें, तेव्हां ट्रान्झिस्टरचें युग आलेलें होतें आणि व्हॉल्व्हचे रेडिओ माळ्यावर जाऊं लागले होते. तथापि संगीताच्या शोकिनांनीं व्हॉल्व्ह सोडला नाहीं. स्लोव्हाकिया, रशिया व चीन या देशांत तो आजही तयार होतो. प्रीअँप्लिफायरमध्यें बहुधा ईसीसी ८३ हा व्हॉल्व्ह असतो. अमेरिकन पद्धतीनें त्यासच १२ एएक्स ७ म्हणतात. त्याला नऊ पिना असतात, व एकाच कांचेंत दोन व्हॉल्व्ह नांदत असतात.

आतां मुख्य मुद्दा. या व्हॉल्व्हच्या ॲनोडला अडीचशें ते तीनशें व्होल्टचा दाब लागतो, आणि तो पेटींतील ट्रान्सफॉर्मर पुरवितो. पेटी धातूची असते. आंतील एखाद्या तारेचें आवरण झिजून ती पेटीला टेंकली, तर सर्व पेटींत वीज उतरते. पेटी अर्थला जोडलेली असेल, तर तो प्रवाह तिकडे धांवतो, फ्यूज उडतो आणि संकट टळतें. पिन काढलेली असेल, तर फ्यूज उडत नाहीं, आवाजही बिघडत नाहीं. पेटी कोणाच्या तरी हाताची वाट पाहत राहते. एकत्र कुटुंबाच्या घरांत तो हात ओल्या फडक्यानें धूळ पुसणाऱ्या सुनेचा असेल, किंवा फळीवर चढूं पाहणाऱ्या नातवाचा. गुणगुण थांबविण्यासाठीं दिलेलें हें मोल फार मोठें आहे.

मग पिन काढल्यानें गुणगुण थांबली ती कां? पत्रांतच त्याचें उत्तर आहे. नव्या मांडणींत प्रीअँप्लिफायर एका भिंतीशीं व अँप्लिफायर समोरच्या भिंतीशीं गेला. दोघांचे प्लग दोन निराळ्या बोर्डांवर लागले. दोन्ही पेट्या आपापल्या बोर्डाच्या द्वारें अर्थला जोडलेल्या, आणि शिवाय आवाजाच्या केबलच्या जाळीनें एकमेकींस जोडलेल्या. असें एक वर्तुळ पुरें झालें. दोन ठिकाणच्या अर्थमध्यें थोडासा फरक असतोच. त्या फरकामुळें जाळींतून क्षीण प्रवाह वाहतो, आणि प्रीअँप्लिफायरनें वाढविलेल्या नाजूक आवाजांत तोच गुणगुण होऊन मिसळतो. पिन काढल्यानें वर्तुळ तुटलें. परंतु तुटावयास नको तेथें तुटलें. पिन पूर्ववत् बसवून दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावावे, असें आम्हीं त्यांस कळविलें. तसें केल्यावर गुणगुण राहिली नाहीं, असें त्यांचें उत्तर आलें.

येथें खानदेशांतील वाचकांस एक सूचना करणें अवश्य आहे. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते व कोरडी पडते. अशा जमिनींत अर्थिंग दुबळें होतें. जुन्या वाड्यांत तर तीन भोंकांचा बोर्ड दिसतो, पण तिसऱ्या भोंकामागें तारच नसते. यास्तव होळीच्या सुमारास वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें, आणि गळणारी वीज ओळखून तोडणारा स्विच, ज्यास आरसीसीबी म्हणतात, तो घरांत बसवावा.

सर्वच दोष अर्थचे नसतात. म्हणून निदानाची रीत शिकून ठेवावी. ती आपल्या न्यायशास्त्रांत फार पूर्वीपासून आहे. अन्वय म्हणजे एक असतां दुसरें असणें. व्यतिरेक म्हणजे एक नसतां दुसरें नसणें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, काय झालें तें वहींत टिपावें, आणि मगच दुसरीस हात घालावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर दोष कशांत होता हें कधींच कळत नाहीं.

समजा, डाव्या स्पीकरमधून खरखर येत आहे. यंत्रें बंद करून तबकडी-यंत्राकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. खरखर उजवीकडे गेली, तर दोष तबकडी-यंत्रांत किंवा त्या तारेंत. गेली नाहीं, तर त्या तारा पूर्ववत् करून प्रीअँप्लिफायरपासून अँप्लिफायरकडे जाणाऱ्या तारा बदलाव्या. आतां खरखर सरकली, तर ती प्रीअँप्लिफायरची. न सरकली, तर अँप्लिफायरची वा स्पीकरची. प्रीअँप्लिफायरवर संशय आला, तर दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकमेकांच्या जागीं लावावे. दोष व्हॉल्व्हबरोबर गेला, तर व्हॉल्व्ह बदलावा; जागेवर राहिला, तर नवा व्हॉल्व्ह विकत घेणें व्यर्थ. मात्र कांहीं यंत्रांत एकाच कांचेंतील दोन अर्धे दोन बाजूंना वांटलेले असतात. तेथें ही युक्ति चालत नाहीं. यंत्र चालू असतां व्हॉल्व्हवर पेन्सिलीनें हलकेंच टिचकी मारल्यास स्पीकरमधून घंटेसारखा नाद उठला, तर तो व्हॉल्व्ह खिळखिळा झाला असें समजावें.

गुणगुणीची पट्टीही कान देऊन ऐकावी. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची. त्याच पट्टीची गुणगुण असेल, तर वर सांगितलेलें वर्तुळ, हीटरच्या तारा, किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली केबल यांवर संशय घ्यावा. स्वर तोच, पण वरच्या सप्तकांतला, म्हणजे १०० आवर्तनांचा असेल, तर वीज गाळणारे कंडेन्सर सुकले असण्याचा संभव फार. दर दहा अंश उष्णता वाढली कीं कंडेन्सरचें आयुष्य निम्मे होतें, असा ठोकताळा आहे. आणि जळगांवांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. म्हणून हें यंत्र बंद कपाटांत ठेवूं नये, व त्यावर भरतकामाचा रुमाल घालूं नये. वर व मागें वीतभर जागा मोकळी असावी.

घरच्या माणसानें कोठें थांबावें, हेंही सांगितलें पाहिजे. तारा बदलणें, तसेंच प्लग काढून दहा मिनिटें थांबून, कांच निवाल्यावर, बाहेरून हात पोंचत असल्यास व्हॉल्व्ह बदलणें एवढेंच आपलें काम. पेटीचें झांकण उघडूं नये. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्यें वीज सांठून राहते, आणि ती प्राणघातक होऊं शकते. माळ्यावरून काढलेलें जुनें यंत्रही एकदम प्लगला लावूं नये. जाणत्या कारागिरानें सिरीजमध्यें बल्ब घालून तें प्रथम चालवून पाहावें. आवाज थांबला म्हणजे दोष गेला असें नव्हे; तो कां थांबला हें सांगतां आलें, तरच दुरुस्ती झाली असें मानावें.

पुढील अंकांत जुन्या तबकड्या कशा धुवाव्या व कशा ठेवाव्या, याविषयीं लिहूं.