आळशी की आजारी?

व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनला मे १६०७ मध्ये १०४ इंग्रज वस्तीला राहिले. पुढच्या जानेवारीत त्यांतले ३८ जिवंत होते. या मृत्यूंचं ठरीव कारण असं: त्यांत खानदानी बाबूलोक फार, कष्टाची सवय नाही; शेती सोडून सोनं हुडकत बसले आणि उपाशी मेले. आळसाचा हा ठपका वस्तीतलाच एक पुढारी कॅप्टन जॉन स्मिथ याचा. तोच चारशे वर्षं चालत आला आहे.

त्याच वस्तीतल्या जॉर्ज पर्सीनं मात्र पाण्याबद्दल लिहून ठेवलं आहे. प्यायला नदीचंच पाणी; भरतीला खारट, ओहोटीला गाळ आणि घाण. उन्हाळ्यात जेम्स नदीचा ओघ मंदावला की समुद्र आत शिरे आणि वस्तीचा मैला तिथंच घोळत राही. माणसं सुजली, हगवणीनं आणि तापानं गेली. किल्ल्यात विहीर खणायला १६०९ उजाडलं. कार्व्हिल अर्ल या भूगोलाच्या अभ्यासकानं १९७९ मध्ये विषमज्वर, हगवण आणि मीठबाधा असं निदान मांडलं. मीठबाधेनं अंग सुजतं, ग्लानी येते, माणूस चिडचिडा होतो. स्मिथला दिसलेला आळस बराचसा हाच असणार. त्यातच अवर्षण. झाडांच्या वलयांवरून १६०६ ते १६१२ ही सात वर्षं त्या भागातली ७७० वर्षांतली सर्वांत कोरडी ठरली आहेत.

लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीला धोका ठाऊक होता. सखल, दमट जागी वस्ती करू नका, असं तिनंच लेखी बजावलं होतं. पुढाऱ्यांनी तरी दलदलीचंच ठिकाण पकडलं, कारण तिथं जहाज थेट काठाला लागे आणि स्पॅनिशांपासून बचाव सोपा होता. पण त्याच सूचनांत दुसरं एक कलम होतं: इतरांचा हुरूप खचेल असं पत्र कोणालाही लिहू देऊ नये. पहिलं कलम धाब्यावर बसलं. दुसऱ्याची मात्र कंपनीला गरज होती, कारण नवी माणसं आणि नवे भागधारक दोन्ही हवे होते. कंपनीचे खजिनदार सर टॉमस स्माइथ हेच ईस्ट इंडिया कंपनीचेही गव्हर्नर. सुरतेची वखार त्यांच्याच अमलातली. धंदा त्यांना कळत होता.

माणसं येत राहिली. १६०९-१०च्या हिवाळ्यात तिथल्या मूळ रहिवासी पौहाटन लोकांनी किल्ला कोंडला. आतल्या सुमारे तीनशेंपैकी साठेक वाचले. चौदा वर्षांच्या एका मुलीची कवटी २०१२ मध्ये उत्खननात सापडली, तिच्यावर मांस काढताना झालेले सुरीचे घाव आहेत. उपासमारीचा हा हिवाळा सर्वांच्या लक्षात राहिला. दर उन्हाळ्यातली हगवण विसरली गेली. १६२४ पर्यंत सहा हजारांच्या आसपास लोक पाठवले गेले, आणि पुढच्या वर्षीच्या शिरगणतीत जेमतेम बाराशे भरले. १६२२च्या पौहाटनांच्या हल्ल्यातले बळी ३४७, काही परतले. बाकीच्यांचा हिशोब मुख्यतः रोगराईकडेच जातो.

१६२४ मध्ये राजानं कंपनीची सनद काढून घेतली. राजधानी मात्र १६९९ पर्यंत त्याच दलदलीत ठेवली.