डोंगरावर स्पीकर नको



गेल्या रविवारी मिस्सेनंतर युवक मंडळाची बैठक झाली आणि पचमढीच्या शिबिराचा विषय निघाला. बेत असा आहे: २६ जानेवारीच्या सुट्टीला जोडून तीन दिवस, साठ मुले, दोन बस, रात्री मोठी शेकोटी आणि भाड्याचा साउंड बॉक्स. हात वर करून संमती विचारली तेव्हा माझा एकटीचा हात खाली राहिला. बैठकीत मला नीट बोलता येत नाही. आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी माझीच चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी आपण बावीस मुलांना घेऊन पचमढीला गेलो होतो. इंदूरहून जबलपूरकडे जाणारी रात्रीची गाडी, पहाटे पिपरिया, तिथून साधारण पन्नास किलोमीटरचा घाट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिप्सींतून धूपगडावर चढलो. १३५० मीटर, सातपुड्यातले आणि अख्ख्या मध्य प्रदेशातले सर्वांत उंच ठिकाण. सूर्य खाली जाऊ लागला, एकामागे एक डोंगररांगा निळ्या होत गेल्या आणि माझ्या मनात आले की आता स्तुतिगीत झालेच पाहिजे. मी पिशवीतला ब्लूटूथ स्पीकर काढला आणि लावला. मुले टाळ्या वाजवू लागली.

वनखात्याचा एक वयस्क रक्षक जवळ आला. रागावला नाही. त्याने एक बोट कानाला लावले आणि दुसऱ्या हाताने खालची दरी दाखवली. मी स्पीकर बंद केला. आधी काहीच ऐकू आले नाही. मग खालून एक जाड, खरखरीत हाक आली, थोड्या वेळाने पुन्हा. सांबर आहे, तो म्हणाला. असे ओरडते तेव्हा जवळपास वाघ किंवा बिबट्या चालत असतो. आमचे गाणे चालू असतानाही ते ओरडत होते. त्याला ते ऐकू आले होते, आम्हा तेवीस जणांपैकी एकालाही नाही.

त्या क्षणी मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. देवाची स्तुती करण्याच्या नादात देवाने निर्माण केलेल्याचा आवाज मीच दाबला होता. आणि मी धर्मशिक्षण देते!

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीवरून शिबिराला विरोध? माझा विरोध शिबिराला नाही. मुलांना न्यायलाच हवे. आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी पूर्ण अंधार पाहिलेला नाही, कारण इंदुरात तो उरलेलाच नाही. माझा विरोध आहे तो हॉलमधला कार्यक्रम उचलून डोंगरावर नेऊन ठेवण्याला.

रूपांतराच्या शुभवर्तमानातला पेत्र आठवा. डोंगरावर प्रभूचे तेज पाहिल्याबरोबर त्याला पहिली गोष्ट काय सुचली? तीन मंडप उभारू. काय बोलतो आहोत हे त्याला कळत नव्हते, असे लूक स्पष्टच लिहितो. त्यावर आलेल्या उत्तरात मंडपाचा उल्लेखही नाही. माझ्या पुत्राचे ऐका, एवढेच सांगणे आहे. मंडप काही उभा राहिला नाही आणि सगळे खाली उतरले. आमचा बेत वाचला तेव्हा मला वाटले, पेत्राने निदान साउंड बॉक्स तरी मागितला नव्हता.

पचमढीत हा प्रश्न अगदी प्रत्यक्षातला आहे, कारण गावाला चहूबाजूंनी सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्पाचे जंगल वेढून आहे. उद्यान १९८१ सालचे. राखीव जंगल म्हणून बोरीचा इतिहास तर १८६५ पर्यंत मागे जातो. पठारावर सालाची झाडे, उतारावर साग, दोन्ही वने इथे एकमेकांना भेटतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते शेकरू इथे डोक्यावरच्या फांद्यांवरून उड्या मारत जाते. इंग्रज कॅप्टन फोर्साइथने पचमढी ‘शोधली’ असे फलकांवर वाचायला मिळते. गोंड आणि कोरकू लोक आधीपासून इथेच होते आणि गुहांतली चित्रे त्याहून कितीतरी जुनी आहेत, हे मुलांना तिथे उभे करूनच सांगायला हवे.

आत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. आपण मागच्या वेळी राहिलो ते गावाच्या हद्दीतल्या मैदानात, परवानगी घेऊन. धूपगडावर नोंदणीची जिप्सी लागते आणि सूर्यास्त झाला की खाली यावे लागते. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याच्या जंगलाचे दरवाजे बंदच. बैठकीत या नियमांबद्दल ‘कटकट’ हा शब्द वापरला गेला. मला तो खटकला. चाळीस दिवस मांस सोडण्याला आपण कटकट म्हणत नाही. जंगलालाही माणसापासून उपवास लागतो.

आणखी एक गोष्ट, जी मला त्या सहलीनंतर कळली आणि जिने मला जास्त अस्वस्थ केले. व्याघ्र प्रकल्पाच्या आत आज जी शांत, मोकळी कुरणे दिसतात, त्यांतल्या कित्येकांवर पूर्वी गावे होती. धाईं, चुरणा, बोरी. कोरकू आणि गोंड कुटुंबे तिथून बाहेर आली आणि त्यांच्या शेतांच्या जागी गवत वाढले. कान्हाहून आणलेले बारशिंगे बोरीच्या बाजूला सोडले आहेत. वाघासाठी हे चांगले झाले असेल. शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आला म्हणून काही कुटुंबांनाही हवे असेल. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडणे काय असते, हे पोटापाण्यासाठी गाव सोडून इंदूरला आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना विचारायला हवे होते. तिथली शांतता फुकट मिळालेली नाही, तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली आहे. आपण तिकीट काढतो म्हणून ती आपल्या मालकीची होत नाही.

बैठकीत एका वडिलांनी विचारले, “गप्पच बसायचे तर पचमढीला कशाला? चर्च आहे ना.” प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर आठवडाभर विचार केला. खरे सांगायचे तर चर्चमध्येही आपण गप्प बसत नाही. कम्युनियननंतर दोन मिनिटे शांत राहावे असे फादर सांगतात आणि चाळिसाव्या सेकंदाला कुणीतरी कीबोर्डवर बोट ठेवते. बहुतेक वेळा इशारा माझाच असतो. जंगलात ती पळवाट नाही. बोललात तर काही दिसत नाही, इतका साधा हिशेब आहे. एलियाला होरेब डोंगरावर वादळात, भूकंपात, आगीत देव भेटला नाही. त्यानंतरच्या हलक्या आवाजात भेटला. हे मी वीस वर्षे वर्गात शिकवते आहे. मुलांना ते पहिल्यांदा कळले असेल तर त्या सहलीच्या शेवटच्या रात्री.

त्या रात्री वीज गेली होती. तंबूबाहेर थंडी अशी की सकाळी कापडावरचे दव कडक झालेले. नववीतली एक मुलगी माझा हात धरून बसली होती आणि म्हणाली, “टीचर, भीती वाटते.” मी सवयीने म्हणणार होते की घाबरू नकोस, चल गाणे म्हणू. या वेळी म्हटले नाही. मलाही वाटते आहे, एवढेच सांगितले. आम्ही वर पाहत बसलो. अर्ध्या तासाने तिनेच विचारले, हे सगळे तारे घरीही असतात का? असतात, मी म्हटले. मग ती बराच वेळ बोलली नाही. मागच्या वर्षी तिने दृढीकरण घेतले. तिच्या तयारीच्या वहीत ती रात्र होती, माझे एकही व्याख्यान नव्हते.

शेकोटीबद्दलही बोलते. जानेवारीत सागाची पाने गळू लागलेली असतात आणि जमीन कोरडी असते. साठ मुलांच्या शेकोटीला लाकूड येणार कुठून? विकत घेतले तरी ते कुठल्यातरी डोक्यावरच्या मोळीतूनच येते. उब हवी तर स्वेटर न्या. ज्यांच्याकडे नाही त्यांची नावे मला गुपचूप सांगा, सोय करू.

महाशिवरात्रीला आणि नागपंचमीच्या दिवसांत याच डोंगरांत विदर्भातून हजारो भाविक येतात. चौरागडाच्या पायऱ्यांवर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारी माणसे मी चित्रफितींत पाहिली आहेत आणि त्यांची बोली ऐकून माहेरची आठवण झाली. त्यांची श्रद्धा वेगळी, आपली वेगळी. पण ते पायी चढतात. आपण मात्र जिप्सीचा दर परवडत नाही म्हणून कुरकुरतो.

तर माझा प्रस्ताव असा आहे. साठऐवजी वीस मुले, गरज पडली तर दोन तुकड्या, दुसरी फेब्रुवारीत. बसऐवजी रेल्वे. पहिल्या दिवशी गावातले जुने कॅथलिक चर्च, तिथे मिस्सा, तिथे मनसोक्त गाणी. दुसऱ्या दिवशी स्थानिक वाटाड्याबरोबर चालणे; त्याला ठरलेली पूर्ण मजुरी, घासाघीस नाही. माकडांना बिस्किटे नाहीत. कचरा परत इंदूरला, आपल्याला तर सुका-ओला वेगळा करायची सवय आहे. धूपगडावर प्रार्थना असेल, पण मनातल्या मनात.

फादरांनी विषय पुढच्या रविवारच्या बैठकीत पुन्हा घ्यायचे कबूल केले आहे. ज्यांना हे पटते त्यांनी कृपा करून त्या दिवशी मिस्सेनंतर लगेच घरी जाऊ नये, मागच्या वेळी निम्मे लोक पोह्यांसाठी बाहेर होते. ज्यांना पटत नाही त्यांनीही यावे. माझा आवाज चढला तर कुणीतरी कानाला बोट लावून दाखवा, मला कळेल.