एबोशीचं काय करायचं?

२०२५ च्या मार्चमध्ये लग्नाचे, सहलीचे, नातवंडांचे फोटो ‘घिबली’ करून घेण्याची लाट आली होती. गोबरे गाल, टपोरे डोळे, मागे हिरवळ. या लाटेत हात धुऊन घेणाऱ्यांपैकी कितींनी त्याच घिबली स्टुडिओचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ पाहिला असेल, शंकाच आहे. हायाओ मियाझाकींच्या १९९७ सालच्या या चित्रपटात सुरुवातीलाच बाणाने माणसाचे हात तुटतात, मुंडकं उडतं. ‘निसर्ग वाचवा’ असं सांगणारा गोड कार्टूनपट म्हणून तो दाखवणाऱ्यांनी एकदा तो स्वतः नीट पाहावा.

काळ जपानच्या मुरोमाची राजवटीचा. पिसाळलेला एक प्रचंड रानडुक्कर एमिशी लोकांच्या गावावर चाल करून येतो. तरुण आशिताका त्याला आधी विनवतो, मग नाइलाजाने बाण मारतो. पण डुक्कर कोसळण्याआधीच त्याचा शाप आशिताकाच्या हाताला चिकटलेला असतो. यानंतरचं दृश्य चटकन निसटून जातं. गावाची म्हातारी जाणती बाई त्या मरत्या डुकरापुढे गुडघे टेकते आणि इथे तुझी समाधी बांधू, तुझे विधी करू, असं सांगते. डुक्कर विरघळत नाही, शिव्याशाप देतच मरतो. गोंडस प्राण्यांवर प्रेम कोणीही करतं. ज्याने आपल्यावर हल्ला केला आणि ज्याला आपणच मारलं, त्याच्यापुढे वाकणं निराळं. चित्रपटाला अभिप्रेत असलेला आदर हा आहे.

डुकराच्या अंगात लोखंडी गोळी सापडते. तिचा माग काढत आशिताका एबोशी नावाच्या बाईच्या लोखंडाच्या गावात, ताताराबात, पोहोचतो. इथे सरधोपट लेखकाने एक क्रूर कारखानदारीण उभी केली असती. मियाझाकींची एबोशी जंगल तोडते, देवांवर बंदुका चालवते, आणि हीच एबोशी कुंटणखान्यांतून सोडवून आणलेल्या बायकांना भट्टीच्या भात्यावर मानाचं काम देते. खरोखरीच्या तातारा भट्ट्यांवर बायकांना मज्जाव असे. भट्टीची देवी कानायागो स्वतः स्त्री, पण तिला बायका खपत नाहीत, अशी समजूत होती. एबोशी तो रिवाज मोडते. कुष्ठरोग्यांच्या सडत्या जखमा ती स्वतःच्या हातांनी धुते, त्यांना बंदुका घडवण्याचं काम देते. मियाझाकींच्या घरापासून जवळच, तोक्योच्या पश्चिमेकडे, तामा झेनशोएन हा कुष्ठरुग्णांचा जुना आश्रम आहे आणि ते तिथे जात असत. रुग्णांना समाजापासून तोडून ठेवणारा जपानचा कायदा रद्द झाला १९९६ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्या जेमतेम एक वर्ष आधी. तेव्हा ही माणसं पडद्यावर आणणं ही शोभेची करुणा नव्हती.

आता या बाईला वाईट म्हणायचं, तर त्या बायकांनी आणि रुग्णांनी जायचं कुठे? आणि चांगली म्हणायचं, तर लोखंडी वाळूसाठी धुऊन काढलेला डोंगर आणि कोळशासाठी तोडलेलं रान कोणाच्या नावावर मांडायचं? आपल्याकडच्या प्रकल्पांच्या वादांत हे दोन प्रश्न एकत्र विचारले जात नाहीत. एका बाजूला ‘विकासविरोधी’, दुसऱ्या बाजूला ‘निसर्गाचे मारेकरी’, की झालं.

जंगलाची बाजूही सोवळी नाही. वानरांना शक्ती येण्यासाठी माणूस खायचा असतो. डुकरं इरेला पेटून सामूहिक मरण ओढवून घेतात आणि त्यांचा आंधळा म्हातारा म्होरक्या ओक्कोतो शेवटी द्वेषानेच पिसाळतो. लांडग्यांनी वाढवलेल्या सानचा राग समजतो, पण तो तिलाही कुरतडत असतो. सगळ्यांत अवघड आहे तो वनदेव शिशिगामी. त्याच्या पावलाखाली रोपं उगवतात आणि तिथेच सुकतात. तो आशिताकाची गोळीची जखम भरतो, शाप मात्र तसाच ठेवतो. त्याच्यासाठी लढणाऱ्या डुकरांनाही तो वाचवत नाही. आपण निसर्ग राखला की निसर्ग आपल्याला राखेल, हा भिंतीवर रंगवायचा सौदा या देवाला मान्य नाही.

मग पाप कुठे आहे? आमच्या मते एबोशी भट्टी पेटवते तिथे नाही, तर शिशिगामीचं मुंडकं कापून देण्याचा करार करते तिथे. मुंडकं हवं आहे सम्राटाला, अमर होण्यासाठी. तो एकदाही पडद्यावर येत नाही. येतो त्याचा हसतमुख दलाल जिगो, आणि त्या सौद्यापोटी एबोशीला बंदूकधारी मिळतात. पोटासाठी तोडलेलं झाड आणि कोणाच्या तरी अमरपणासाठी कापलेलं मुंडकं यांत चित्रपट स्पष्ट फरक करतो. हिशेब मात्र सगळ्यांना चुकता करावा लागतो.

मुंडकं कापल्यावर उजाड झालेले डोंगर शेवटी पुन्हा हिरवे होतात, पण हे ते जुनं वन नव्हे, असं सान सांगते. माणसांना ती माफ करत नाही. आशिताका तिला समजवायला जात नाही. ती जंगलात राहील, तो ताताराबात. एक हात गमावलेली एबोशी मात्र जिवंत राहते आणि नव्याने गाव वसवायचं ठरवते. तिला मारून टाळ्या मिळवणं सोपं होतं.

घरातली मुलं दहा-बारा वर्षांची झाली असतील, तर त्यांच्याबरोबर हा चित्रपट जरूर बघा. संपल्यावर एबोशी चांगली की वाईट हे त्यांना विचारा, आणि त्यांचं उत्तर पुरं होईपर्यंत आपलं सांगू नका.