जॅक केवढा असावा?

कुटुंबासाठीं मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे घरांतील वडील मंडळींपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांचीं मतें पडतात. रंग, आसनें, किंमत, इंधनाचा खर्च यांचा ऊहापोह पंधरा-पंधरा दिवस चालतो. परंतु मागच्या कप्प्यांत गुंडाळून ठेवलेल्या जॅककडे कोणाचेंहि लक्ष जात नाहीं. डांबरी सडकेवर या दुर्लक्षाचें फारसें प्रायश्चित्त घ्यावें लागत नाहीं. पण हल्लीं चारी चाकांना इंजिनाची शक्ति मिळणाऱ्या आडवाटेच्या गाड्या सुशिक्षित घरांतूनहि दिसूं लागल्या आहेत. सुटींत त्या सह्याद्रींतील एखाद्या गडाच्या पायथ्याशीं किंवा कोकणांतील सड्यावर जातात. तेथें चाक बसलें, सोबत मुलें व म्हातारीं माणसें आहेत आणि जॅक गाडीखालीं शिरतच नाहीं, असा प्रसंग आला तर शहाणपण सुचून उपयोग नाहीं. तें आधींच सुचलेलें बरें.

'मोठा घेतला म्हणजे झालें' ही या बाबतींतील सर्वसाधारण समजूत होय. ती चुकीची आहे. जॅकची निवड तीन मापांवर करावयाची असते: मिटलेल्या स्थितींतील उंची, पूर्ण उघडल्यावरची उंची, आणि पेलण्याचा भार. लोक केवळ तिसरें माप विचारतात. वाटेंत अडवतें तें बहुधा पहिलें.

उदाहरणार्थ, २०२३ सालीं भारतांत विक्रीस आलेली मारुती सुझुकीची जिम्नी घेऊं. तिच्या टायरवर १९५/८० आर १५ असें लिहिलेलें असतें. याचा अर्थ, रबराची रुंदी १९५ मिलिमीटर व बाजूची उंची त्याच्या शेंकडा ८०, म्हणजे १५६ मिलिमीटर. हवा पूर्ण गेली कीं लोखंडी चकती जवळजवळ जमिनीस टेकते व ॲक्सल बराच खालीं येतो. या गाडीची जमिनीपासूनची मोकळी उंची २१० मिलिमीटर सांगितली जाते, ती चाकांत हवा असतांनाची. चाक बसल्यावर तिच्या खालीं किती जागा उरेल, याचा हिशोब वाचकांनींच करावा.

तेलाच्या दाबावर चालणारा बाटलीच्या आकाराचा जॅक आपल्याकडे सर्वत्र मिळतो. लहान दट्ट्यानें तेलावर दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावर त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वाढून मिळतो. पास्कालच्या या नियमावर इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ सालीं आपल्या दाबयंत्राचा हक्क नोंदविला, आणि हा जॅक त्याच घराण्यांतला. मोठ्या दट्ट्याचा व्यास चौपट असेल तर जोर सोळापट होतो; शिवाय दांड्याची तरफ मदतीस असतेच. त्यामुळें घरांतील सडपातळ माणसासहि गाडी उचलतां येते. मात्र दोन टनांचा असा जॅक मिटलेला असतां साधारणतः १६० ते १८० मिलिमीटर उंच असतो, आणि सहा टनांचा बहुधा त्याहून उंच. म्हणजे अधिक बळाच्या हौसेनें आपण गाडीखालीं न शिरणारें साधन विकत घेतों! जिम्नीचें भरलेल्या गाडीचें कमाल वजन १५४५ किलोग्रॅम. जॅकची शक्ति भरलेल्या गाडीच्या पूर्ण वजनाहून कमी नसावी, हा कडक नियम लावला तरी दोन टन तिला पुरतात.

यासाठीं सोपा मार्ग असा. घरच्या अंगणांत एका चाकाची हवा सोडावी आणि जेथें जॅक लावावयाचा तेथील उंची टेपानें मोजावी. जॅकची मिटलेली उंची याहून कमी हवी. मग हवा भरून तीच उंची पुन्हां मोजावी व तींत दोन इंच मिळवावे. उघडलेल्या जॅकची उंची याहून अधिक हवी, कारण नवें चाक फुगलेलें असतें व मऊ जमिनींत जॅक थोडा रुततो. पुढें मोठे टायर बसविले तर हीं मापें पुन्हां घ्यावींत.

जॅक कोठें लावावा यावरहि माप अवलंबून आहे. जिम्नीचे पुढील व मागील दोन्ही ॲक्सल सलग आहेत. ॲक्सलच्या नळीखालीं जॅक लावला कीं चाक लगेच उचललें जातें. तोच चॅसीखालीं लावला तर आधीं स्प्रिंग लांबते, गाडी वर जाते, पण चाक जमिनीवरच राहतें. तेवढी अधिक उंची लागते. ज्यांच्या पुढील चाकांची बांधणी स्वतंत्र आहे, अशा २०२० नंतरच्या महिंद्र थारसारख्या गाड्यांना पुस्तिकेंत दाखविलेल्या जागींच जॅक लावावा.

चार फुटी उंच दांड्याचा, टप्प्याटप्प्यानें चढणारा हाय-लिफ्ट जॅक चित्रांतून पाहून तरुण मंडळी त्याचा हट्ट धरतात. तो सुमारें तेरा किलोग्रॅम वजनाचा असतो. त्यास मजबूत लोखंडी बंपर लागतो. आणि दांडा हातांतून सुटल्यास जबड्यावर उसळतो. प्लॅस्टिकच्या बंपरच्या गाडीस त्याचा उपयोग नाहीं.

माप अचूक असलें तरी जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. जागा शक्य तितकी सपाट निवडावी, हातब्रेक ओढावा, समोरच्या बाजूच्या चाकास दोहोंकडून दगड लावावे, जॅकखालीं जाड फळी घालावी, सर्वांस गाडींतून उतरवून दूर उभें करावें. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं कोणींहि डोकें किंवा हात घालूं नये. पडलेला नट काढावयासहि नाहीं. नट दोन रुपयांचा असतो.

प्रवासास निघण्यापूर्वीं एका रविवारीं घरांतील सर्वांनीं, सुनांनीं व मुलींनींहि, एकेकदां चाक बदलून पाहावें, अशी आमची सूचना आहे. गाडी हांकणारा एकटाच जाणता असला आणि नेमका तोच आजारी पडला, तर उत्तम जॅकहि कप्प्यांतच राहील.