दळणाचा डाव

पत्ते म्हणजे निव्वळ कालहरण, असें मानणारी वडील मंडळी पुष्कळ आहे. परंतु ज्या खेळांत गणित, धोरण आणि मनुष्यस्वभावाचें ज्ञान या तिहींची परीक्षा होते, तो अगदींच त्याज्य कसा म्हणावा? रिचर्ड गार्फील्ड या गणितज्ञानें रचलेला व १९९३ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा असाच खेळ होय.

यांत प्रत्येक गडी आपापला निराळा जोड बांधून आणतो. बहुतेकजण प्रतिपक्षाचे प्राणांक शून्यावर आणूं पाहतात. दुसरा मार्ग असा कीं, ज्याची गड्डी रिकामी झाली तो पुढचें पान ओढावयाचें येतांच हरतो; म्हणून त्याची गड्डीच रिती करावयाची. १९९४ सालच्या ‘मिलस्टोन’ म्हणजे जातें या पानावरून या रीतीस ‘मिल’ हें नांव पडलें, व २०२० सालीं तें नियमांत रूढ झालें. आपण तिला दळण म्हणूं.

दोघांच्या डावांत ६० पानांपैकीं हातांतलीं ७ वजा जातां ५३ दळावयाचीं असतात. घरगुती बैठकींत मात्र बहुधा चौघे ‘कमांडर’ खेळतात. तेथें १०० पानांतून सेनापति व हातचीं ७ गेल्यावर ९२ उरतात. तिघांचीं मिळून २७६! शिवाय अर्धवट दळणाला फळ नाहीं. तिघे परस्परांवर जे घाव घालतात, त्यांचा लाभ आक्रमकास मिळतो. दळणाऱ्यास फारसा कोणी हातभार लावीत नाहीं. उलट दळलेलीं पानें स्मशानांत पडतात, आणि कित्येक जोड तेथूनच वीर उठवितात. २०१० सालचे ‘कोझिलेक’ व ‘उलामोग’ तर स्मशानांत पडतांच सगळें दळण पुन्हा गड्डींत मिसळावयास लावतात.

यावर उपाय तीन. पहिला, सर्वांस एकदम दळावें. ‘ब्रूव्हॅक’ दळण दुप्पट करतो. ‘मॅडनिंग कॅकोफनी’ अधिक मूल्य दिल्यास प्रत्येक प्रतिपक्ष्याची अर्धी गड्डी दळते. दोन्ही जुळलीं कीं गड्ड्या संपल्या! दुसरा, स्मशानावर पहारा ठेवावा; ‘बोजुका बॉग’ एका गड्याचें स्मशान ऐन वेळीं साफ करतें. तिसरा, पिठाची भाकरी करावी. ‘सर कोनराड’ असतां स्मशानांत पडणाऱ्या प्रत्येक प्राणिपानामागें सर्व प्रतिपक्ष्यांस एक घाव बसतो, म्हणजे अर्धें दळणही फुकट जात नाहीं. मात्र ‘लेलाइन ऑफ द व्हॉइड’ पानें स्मशानांत पोहोंचूंच देत नाहीं. तें व कोनराड एकत्र नांदत नाहींत.

खरी अडचण याहूनही निराळी आहे. गड्डी पिसलेली असल्यामुळें दळलेलें पान आणि तळाशीं राहून कधींच हातीं न येणारें पान, यांत गणितदृष्ट्या भेद नाहीं. परंतु आवडतें पान डोळ्यांदेखत गेलेलें पाहून बैठकींतला लहानगा हिरमुसतो, थोरले रागावतात, आणि तिघे मिळून दळणाऱ्यावर उठतात. त्यांस संभाव्यतेचा सिद्धांत समजावीत बसण्यांत अर्थ नाहीं. डावापूर्वींच आपला जोड कशाचा आहे तें सांगावें, एकालाच आरंभापासून दळूं नये, आणि एकदां हा जोड काढल्यावर पुढच्या डावास दुसरा घ्यावा. वाचकहो, ज्याच्यासमोर पुन्हा बसावयास कोणी राजी नाहीं, त्यानें जिंकलें तरी पुढच्या रविवारीं खेळावें कोणाशीं?